काही नाही, चालू दे!

त्या घरात रोज संध्याकाळी साडेसातला पानं मांडली जात आणि जेवताना एकदा तरी हशा पिकायचाच. घरात माणसं तीन. एक फोरमन, म्हणजे पुस्तकबांधणीच्या कारखान्यातला. दुसरी त्याची बायको, एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसणारी. आणि तिसरी फोरमनची आई. बायको दिवसभरात खिडकीवर आलेले एकेक नमुने नकलांसकट सांगायची, फोरमन त्यात आपला मीठमसाला घालायचा आणि दोघं पोट धरून हसायची. आई मात्र थोडी उशिरा हसायची. आधी मुलाच्या तोंडाकडे बघायची, मग सुनेच्या, आणि दोघंही हसताहेत अशी खात्री झाली की आपणही हसून घ्यायची.

"काय म्हणाली रे ती?" कधीतरी ती विचारायची.

"काही नाही गं. तू जेव."

हीच आई एकेकाळी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. तीस वर्षं कानावर तिचं पोट चाललं. सत्तरी ओलांडली आणि कान थकले. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण त्यातून माणसांपेक्षा ताटवाट्याच मोठ्याने ऐकू येतात म्हणून ते खणात जाऊन पडलं. गेल्या वर्षभरात तर तिने विचारणंही जवळजवळ सोडलं होतं. पाहुणे आले की फोरमन कौतुकाने सांगायचा, "आई हल्ली किती शांत झाली आहे, बघा!" पाहुणेही समाधानाने माना डोलवायचे.

वाचकहो, तुमच्या घरात असं कोणी 'शांत' झालेलं माणूस आहे का, हे मी आत्ताच विचारत नाही. गोष्ट संपल्यावर विचारीन.

आता कारखान्याकडे वळू. पत्र्याचं लांबलचक छप्पर आणि त्याखाली तीन मोठी यंत्रं: एक घडी घालणारं, एक शिवणारं, एक कापणारं. तिन्ही एकदम सुरू झाली की शेजारचा माणूस शिंकला तर दिसतो, ऐकू येत नाही. छापलेल्या मोठ्या कागदाची घडी घालून सोळा पानांचा एक जुडगा होतो, त्याला फर्मा म्हणतात. टेबलावर फर्म्यांचे ढीग ओळीने मांडलेले असतात. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेक उचलून क्रमाने रचायचा, ही जुळणी. जुळणी चुकली की पुस्तकात सोळाव्या पानानंतर एकदम एकोणपन्नासावं पान येतं आणि वाचणारा कपाळाला हात लावतो.

फोरमन कामाला वाघ होता. सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, संध्याकाळी सगळ्यांच्या नंतर बाहेर. पण एक खोड होती. एका जागी उभं राहून बोलेल तर शपथ! दातात पेन्सिल, हातात कागद, आणि टेबलाटेबलांमधून तरातरा चालता चालता सूचना सोडायच्या. माणूस निम्मं वाक्य इथे बोलायचा आणि निम्मं दहा पावलं पुढे, तेही पाठमोरा. कामगारांनी त्याचं नाव 'वारं' ठेवलं होतं. वारं येऊन गेलं की सगळे एकमेकांना खुणेने विचारायचे, "काय म्हणालं?" आणि शेवटी सगळ्यांचे डोळे शिलाईच्या यंत्रावर बसणाऱ्या मावशीकडे वळायचे. मावशी कारखान्यात बत्तीस वर्षं जुनी. वाऱ्याच्या पोटात काय असेल हे तिला अनुभवाने कळायचं. फोरमनला याचा पत्ताच नव्हता. आपण सांगतो आणि काम होतं, एवढंच तो बघत होता.

तीन महिन्यांपूर्वी जुळणीच्या पहिल्या टेबलावर एक नवी मुलगी आली. वय असेल चोवीस-पंचवीस. सात वर्षांची असताना तापात तिचे कान गेले होते. ती बोलायची, आवाज जरा सपाट आणि शब्दांच्या शेवटी घसरणारा, पण चार दिवसांत कुणालाही सवय होईल असा. समोरच्याच्या ओठांवरून तिला बरंचसं कळायचं, उरलेलं ती अंदाजाने जोडायची. तिच्या ॲप्रनवर एक पाटी टाचलेली होती: 'मला ऐकू येत नाही. कृपया समोर बघून बोला.'

फोरमनने पहिल्या दिवशी पाटी वाचली, "हो हो, जरूर" म्हणाला आणि पहिला आठवडा तिच्याशी इतका ओरडून आणि तोंड इतकं वेडंवाकडं करून बोलला की ते ओठ वाचणं कुणालाही जमलं नसतं. दुसऱ्या आठवड्यापासून त्याचं पुन्हा वारं झालं. ती मागे येऊन विचारायची, "काय म्हणालात, साहेब?" आणि घाईत असलेला साहेब हात उडवून म्हणायचा, "काही नाही, काही नाही."

तिच्या उमेदवारीचे तीन महिने त्या शनिवारी संपत होते. तिला कायम करायचं की नाही, याचा अहवाल फोरमनने लिहायचा होता. याआधी दोन ठिकाणी तिला उमेदवारीतच निरोप मिळाला होता आणि दोन्ही अहवालांत वाक्य एकच होतं: 'सूचना समजत नाहीत.' तिसऱ्या ठिकाणीही तेच झालं तर घरचे म्हणणार होते, पुरे झालं आता, घरी बस. हे तिने फक्त मावशीला सांगितलं होतं.

आणि नेमका त्याच आठवड्यात घोटाळा झाला.

गुरुवारी सकाळी छापखान्यातून निरोप आला. प्रथमोपचाराचं जे पुस्तक बांधायला घेतलं होतं, त्याच्या सहाव्या फर्म्यात चूक होती. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं थंड पाणी धरा, असं हवं होतं आणि छापलं होतं दोन मिनिटं! नवा फर्मा छापून येईपर्यंत जुना वापरायचा नव्हता. फोरमन निघाला. दातात पेन्सिल होतीच. पहिल्या टेबलाजवळून जाताना सहाव्या ढिगाकडे हात करून त्याने सांगितलं, "हा जुना उचलू नका, नवा येतोय!" दुसऱ्या टेबलाजवळून जाताना तेच सांगितलं आणि दाराकडे वळला.

जुळणीवालीला त्याचा हात दिसला. ओठ दिसले ते पेन्सिलीच्या दोन बाजूंना ताणलेले. ती टेबल सोडून मागे धावली. त्याच्या बाहीला हात लावून तिने विचारलं, "साहेब, सहाव्याचं काय?"

त्याच क्षणी फोरमनच्या खिशातला फोन वाजला.

"काही नाही, चालू दे!" तो म्हणाला आणि फोन कानाला लावून बाहेर पडला.

हे शब्द मात्र तिला पेन्सिलीसकट वाचता आले. तिने चालू दिलं.

शुक्रवारी दुपारी नवे फर्मे आले तेव्हा पहिल्या टेबलावरची चारशे पुस्तकं जुन्या फर्म्यासकट शिवून तयार होती. दुसऱ्या टेबलावर दोघं भाऊ काम करत, त्यांना सगळे जोडगोळी म्हणत. त्यांची दीडशे तशीच निघाली. फोरमनचा पारा चढला.

"यंत्र चालू होतं ना साहेब," जोडगोळीतला थोरला डोकं खाजवत म्हणाला. "काही कळलंच नाही."

"हं. आवाज असतो खरा," फोरमन म्हणाला. "पुढच्या वेळी लक्ष ठेवा."

जुळणीवालीला तो काहीच बोलला नाही. तिच्याकडे एक नजर टाकली आणि तडक केबिनमध्ये जाऊन अहवालाचा कागद पुढे ओढला. पेन्सिल ठेवून पेन घेतलं आणि लिहिलं: 'सूचना समजत नाहीत. कायम करू नये.' लिहिताना आपण काही वाईट करतो आहोत असं त्याला मुळीच वाटलं नाही. उलट मन घट्ट करून कर्तव्य बजावल्यासारखं वाटलं.

शिलाईच्या सुया घ्यायला मावशी केबिनमध्ये आली तेव्हा कागद उघडाच पडलेला होता. तिने चष्मा नाकावर सरकवून तो वाचला आणि दार लावून घेतलं. सगळ्यांसमोर ती फोरमनला 'तुम्ही' म्हणायची, पण तो इथे लागला तेव्हा त्याला दोरा ओवायला तिनेच शिकवलं होतं. त्यामुळे दार बंद झालं की 'तू'.

"हे काय लिहिलंस रे?"

"मावशी, तुम्ही यात पडू नका. चारशे पुस्तकं गेली."

"साडेपाचशे गेली. उरलेल्या दीडशेचा अहवाल कुठे आहे?"

"त्यांना यंत्राच्या आवाजात ऐकू आलं नाही."

"आणि हिला?"

फोरमनने पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"म्हणजे त्यांना ऐकू आलं नाही तर दोष यंत्राचा, आणि हिला ऐकू आलं नाही तर दोष हिचा! वा रे न्याय!" मावशी खुर्ची ओढून बसलीच. "अरे, त्या यंत्राजवळ आपण सगळेच बहिरे असतो. फरक इतकाच, की आपलं झाकून जातं, तिच्या ॲप्रनवर लिहिलेलं आहे."

"हा कारखाना आहे मावशी. दया दाखवायला माझ्याकडे वेळ नाही."

"दया मागितली कुणी? तोंड इकडे करून बोला, एवढं मागते ती पोर. तुला त्याला काय लागतं? मान वळवायला मनुष्यबळ कमी पडतं का?"

"पण तिने विचारायचं नाही का? कळलं नाही तर विचारावं माणसाने!"

मावशीने चष्मा काढला. "विचारलं तिने. धावत येऊन, तुझी बाही धरून विचारलं. मी समोर होते. मला वाटलं, तू नीट सांगितलंस, म्हणून मी आपलं यंत्र चालवत राहिले. ती चूक माझी. आणि तू काय म्हणालास, आठवतंय? मला ते आज तिच्याकडून कळलं: 'काही नाही, चालू दे.' तिने तुझी सूचना पाळली रे बाबा! अक्षरशः पाळली!"

सुया घेऊन मावशी निघून गेली. फोरमनने गुरुवार आठवून पाहिला. फोन आठवला. बाहीला लागलेला हातही अंधूक आठवला. आपण काय बोललो ते मात्र काही केल्या आठवेना, कारण ते वाक्य तो इतक्यांदा, इतक्या जणांना म्हणायचा की त्याचा हिशेब त्याच्याकडे नव्हताच. अहवालाची घडी घालून त्याने ती खिशात ठेवली आणि घरी आला.

साडेसातला पानं मांडली गेली. त्या दिवशी हशा नव्हता. फोरमन बायकोला सगळं सांगत होता: पुस्तकं, जोडगोळी, मावशीने घेतलेली हजेरी. सांगता सांगता त्याचा आवाज चढत होता. आईने दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हलकेच विचारलं, "काय झालं रे?"

"काही ना..."

शब्द ओठांवर आले आणि तिथेच अडकले. फोरमनने त्या दिवशी पहिल्यांदाच आईचा चेहरा ते शब्द ऐकताना पाहिला. ती रागावली नव्हती. तिने सवयीने मान डोलावली होती, ओठांवर ते नेहमीचं हसू आणलं होतं आणि नजर ताटात खाली घेतली होती. हिलाच आपण शांत म्हणत होतो!

तो उठला. खुर्ची उचलून आईच्या समोर, दिव्याखाली आणून ठेवली आणि तिच्या डोळ्यांत बघत सगळी हकिगत पहिल्यापासून सांगितली. सावकाश, पण न ओरडता. मधे दोनदा ती "काय?" म्हणाली, दोन्ही वेळा त्याने पुन्हा सांगितलं.

मग आई म्हणाली, "आमच्या ऑफिसात एक नियम होता. पलीकडच्याला ऐकू आलं नाही तर दहा वेळा सांगायचं, पण 'काही नाही' म्हणून लाइन तोडायची नाही. तोडली तर तक्रार व्हायची. तीस वर्षांत माझी एकही तक्रार झाली नाही."

"आई, तू हल्ली विचारणं का सोडलंस गं?"

"दुसऱ्यांदा विचारलं की तुझ्या कपाळाला आठी पडते." ती हसली. "आठी बघायला कान लागत नाहीत, बाळा."

फोरमनचे डोळे भरून आले. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या, आईच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिला. बायकोनेही ताट बाजूला सारलं आणि खुर्ची अलीकडे ओढली. "आई, परवा त्या छत्रीवाल्या आजोबांवरून आम्ही हसत होतो ना, ते सांगायचं राहिलंच तुम्हाला," ती म्हणाली, आणि नकलेसकट सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्या दिवशी आई त्यांच्याबरोबर, अगदी वेळेवर हसली. फोरमनने उठून खणातलं ते यंत्र काढलं आणि सोमवारी ते नीट लावून घ्यायला आईबरोबर जायचं कबूल केलं.

शनिवारी सकाळी फोरमन कारखान्यात शिरला तो थेट पहिल्या टेबलापाशी गेला. जुळणीवाली ॲप्रन बांधत होती. त्याला येताना पाहून तिचे हात थांबले. आज शनिवार, हे तिलाही माहीत होतं. दोन कारखान्यांतला अनुभव गाठीशी असल्याने तिने पिशवी खुंटीला अडकवलीच नव्हती.

फोरमनने दातातली पेन्सिल काढून कानावर ठेवली. समोर उभा राहिला. "गुरुवारी तू मला विचारलंस आणि मी 'काही नाही' म्हणालो. चूक माझी होती. मला माफ कर."

ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा सांगा."

फोरमनने पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश.

"पहिल्यांदाच कळलं होतं, साहेब," ती म्हणाली, आणि तिच्या गालावर खळी पडली. "पुन्हा बघावंसं वाटलं."

फोरमन असा खदखदून हसला की शिलाईच्या यंत्रावरून मावशीने मान वर केली.

"आता तूच सांग," तो म्हणाला, "मी काय करू?"

तिच्याजवळ उत्तर तयार होतं. तीन महिन्यांत कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. दातात पेन्सिल नको. सूचना देताना खांबाजवळच्या दिव्याखाली उभं राहायचं, म्हणजे तोंड दिसतं. पाठीमागून हाका मारायच्या नाहीत. जो ढीग थांबवायचा त्यावर लाल चिठ्ठी ठेवायची. "आणि सकाळी दोन मिनिटं यंत्रं बंद," ती म्हणाली. "मला काही फरक पडत नाही. पण मावशी म्हणतात, बाकीच्यांना पडेल."

आठ वाजता तिन्ही यंत्रं बंद झाली. कारखान्यात अशी शांतता पसरली की छपरावर चालणाऱ्या कबुतराची नखं ऐकू आली. फोरमन दिव्याखाली उभा राहिला आणि त्याने दिवसभराचं काम सांगितलं. सगळं वाक्य एकाच जागी!

"साहेब," जोडगोळीतला धाकटा हळूच म्हणाला, "रागावणार नसाल तर एक सांगू का? अकरा वर्षं झाली मला इथे. तुम्ही काय म्हणता ते मला आज पहिल्यांदा कळलं."

एकच हशा उसळला. कापणारा, शिवणारे, घडीवाले, एकेक जण कबुली देऊ लागला. कोणी मावशीकडून सूचना घेत होतं, कोणी अंदाजाने. फोरमनचा चेहरा लाल झाला, पण हसणाऱ्यांत शेवटी तोही सामील झाला. एका मुलीसाठी म्हणून केलेली गोष्ट, आणि गरज मात्र अख्ख्या कारखान्याला होती!

मग सगळ्यांनी मिळून साडेपाचशे पुस्तकांची शिवण उसवली. जुना सहावा काढला, नवा घातला. जुन्या ढिगावर लाल चिठ्ठी झळकत होती. दुपारी चारच्या सुमाराला मालक आले. फोरमन जुळणीवालीला घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला आणि उत्साहाच्या भरात सुरू झाला, "साहेब, हिच्या बोटांत जादू आहे! नुसत्या स्पर्शाने कळतं हिला फर्मा कमी आहे की..."

"जादूबिदू नाही," जुळणीवालीने त्याला तोडलं. फोरमन तिलाही तोंड दिसेल असा उभा राहून बोलत होता, त्यामुळे तिला सगळं कळलं होतं. "चुका माझ्याही होतात. समोर बघून बोलायचं ते मी चांगलं काम करते म्हणून नको, साहेब. नाहीतर ज्या दिवशी चुकेन, त्या दिवशी पुन्हा पाठ फिरवाल."

फोरमनने मान डोलावली, खिशातला जुना अहवाल काढून फाडला आणि मालकांच्या देखत नवा लिहिला: 'काम नीट करते. कायम करावे.' खाली एक रकाना होता, 'काही अडचण?' तिथे त्याने लिहिलं: 'अडचण सांगणाऱ्याची होती, ऐकणारीची नव्हती. सुधारणा सुरू आहे.' मालकांनी वाचलं, एकदा फोरमनकडे पाहिलं आणि सही केली.

जुळणीवालीचा जीव भांड्यात पडला. तिने पिशवी उचलून टेबलाखालच्या खुंटीला अडकवली, आणि सोमवारसाठी पहिला ढीग सारखा करायला घेतला.

वाचकहो, आता विचारतो. तुमच्या घरात, कचेरीत, शेजारी असं 'शांत' झालेलं माणूस कोण आहे? आपण कुणाला दाराबाहेर काढत नाही. आपण फक्त 'काही नाही' म्हणतो, आणि माणूस घरात बसून, आपल्याच टेबलावर बसून बाहेर राहतो. अपंग माणसाची अडचण निम्मी त्याच्या शरीरात असते, निम्मी आपल्या सवयीत. पहिली निम्मी कदाचित आपल्या हातात नाही. दुसरी मात्र पूर्णपणे आपल्याच हातात आहे! मान वळवावी, तोंड समोर करावं, आणि विचारलं तर पुन्हा सांगावं.

त्या घरात अजूनही साडेसातला पानं मांडली जातात. आई आता मुळीच शांत राहिलेली नाही. टेलिफोन ऑफिसातले किस्से सुरू झाले की थांबत नाहीत, आणि सून म्हणते, "यांच्यापुढे माझी खिडकी फिकी पडायला लागली आहे." परवा असाच एक किस्सा सांगताना आईचा आवाज घासाबरोबर खाली गेला आणि शेवट फोरमनच्या हातून निसटला.

"काय म्हणालीस गं?" त्याने विचारलं.

आईने त्याच्याकडे डोळे मिचकावून पाहिलं. "काही नाही. तू जेव."

फोरमन उठला, खुर्ची उचलली आणि तिच्या समोर आणून ठेवली. मग आईने तो किस्सा त्याला पहिल्यापासून पुन्हा सांगितला.